लेकीच्या घरचा चहा अन् इंग्रजीचे तीन शब्द

सन २०२३. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा माझी चौथीपर्यंत, पण बोलण्यात मला आजवर कोणी हरवलं नाही.

सेलूला दिलेल्या माझ्या लेकीची पोरगी उन्हाळ्यात वडनेरला माझ्याकडे आली होती. कॉलेजात इंग्रजी शिकते. दुपारी मी चिंचा फोडत बसलो होतो, तर शेजारी येऊन म्हणते, "आबाजी, मनातल्या इच्छेसाठी इंग्रजीत किती शब्द आहेत, माहीत आहे?"

"आमाले एकच पुरते, पाहिजे. तोबी आमी वापरत नाई."

"ऐका तर. वॉन्ट म्हणजे पाहिजेच, त्यासाठी माणूस उठते, मागते. होप म्हणजे होऊ शकते, म्हणून वाट पाहाची. विश म्हणजे होणार नाई हे माहीत असते, तरी मन तिथंच जाते."

"मंग पाऊस होप," मी म्हणालो, "अन् तुही आजी विश."

तिची आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरीनं एक चिंच उचलून फोडली. मग म्हणाली, "पास झाले. आता वॉन्ट सांगा."

"मले काई नाई पाहिजे."

"राजाच हो तुमी! आईच्या हातचा चहाबी नाई?"

आमच्यात बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. नातवंड झालं की लोक हा नेम सोडून देतात. माझ्या बापानं शेवटपर्यंत सोडलं नव्हतं, म्हणून मीही नाही. सेलूला जातो, लेकीच्या ओट्यावर बसतो, डाळीची पिशवी देतो अन् चहा चौकातल्या हॉटेलात पितो. आधी लेक दर वेळी म्हणायची, "बाबा, घोटभर तरी." अलीकडे म्हणत नाही. मी नातीला तसं सांगितलं अन् म्हणालो, "तुही माय समजली आता."

"समजली नाई, आबाजी," नात म्हणाली. "पहिले तिची होप होती. आता विश झाली."

"तुह्या मायनं सांगितलं का असं?"

"तिले कुठं इंग्रजी येते! पण तुमी येणार असले का तुमचा कप अजून धुऊन ठेवते. बाहेर आणत नाई फक्त."

"लई बोलते तू," म्हणून मी चिंचांची टोपली घेऊन आत गेलो. चिंचा फोडायच्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं नातीला घेऊन सेलूला निघालो. लेक दारातच घाबरली. "काऊन बाबा, तब्येत बरी नाई का?" मी ओट्यावर थांबलो नाही. आत जाऊन खुर्चीत बसलो अन् म्हणालो, "मले चहा पाहिजे. साखरेत हात आखडू नको."