आधीचा फोटो, नंतरचा फोटो

गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. सगळ्यांचे ते ठरावकाका. उभं आयुष्य एका शाळेच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेलं. तिथं त्यांना विचारून कुणी कधी पंखासुद्धा लावला नाही. त्याचा वचपा त्यांनी निवृत्तीनंतर रहिवासी मंडळाचे चिटणीस होऊन काढला. जिन्यातला बल्ब गेला की दुसरा माणूस बल्ब आणतो. ठरावकाका ठराव आणत. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, टाळ्या. बल्ब मग त्यांची बायको आणून लावायची.

घरात त्यांचे म्हातारे वडील होते. हयातभर सुतारकाम केलेले, हात थरथरायचे, पण डोकं शाबूत. गल्लीच्या तोंडाशी एका झाडाखाली रिकामी जागा होती. तिथं त्यांनी कधीकाळी कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या दाराचा बाक केला होता. बाकाच्या पाठीला दाराची कडी तशीच राहिली होती. दुपारचा चहा झाला की म्हातारबुवा कठडा धरून जिना उतरत, बाकावर बसत आणि ती कडी खटखट वाजवत येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "रोज खाली उतरतायत तोवर चालतील. एकदा का खुर्चीत बसले, की बसलेच." ठरावकाकांनी त्यावर गंभीरपणे मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

वस्ती सुधारायला सरकार अनुदान देतंय ही खबर अध्यक्षांनी आणली. अध्यक्षांचं कोपऱ्यावर फरशा आणि रंगाचं दुकान. त्यामुळे सुधारणा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे फरशा आणि रंगच येत. ठरावकाकांच्या डोळ्यांपुढे आली ती उद्घाटनाची पाटी आणि तिच्यावर कोरलेलं स्वतःचं नाव. त्या पाटीपायी त्यांची झोप उडाली.

झाडाखालच्या जागेचा फोटो काढून अर्ज पाठवला. तो परत आला. 'जागा सुस्थितीत असून नागरिक तिचा वापर करताना दिसतात. सुधारणेची गरज आढळत नाही.' फोटोत म्हातारबुवा बाकावर बसून तोंडभर हसत होते. ठरावकाका तणतणत घरी आले.

"बाबा, तुम्हाला हसायला कुणी सांगितलं होतं?"

"अरे, फोटो काढत होते ना? मग काय रडायचं?"

तातडीची सभा भरली. दुसरी एखादी खराब जागा शोधावी असं कुणाला सुचलं नाही. सुचलं हे, की आहे तीच जागा फोटोपुरती खराब करावी. ठरावकाकांनी ठराव लिहिला, अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं. अध्यक्षांनी दुकानाच्या पाडलेल्या भिंतीचा राडारोडा उदार मनानं देऊ केला, आणि लोकांनी त्याबद्दल टाळ्याही वाजवल्या. शहाण्यासुरत्या माणसांनी, अंगावर इस्त्रीचे कपडे घालून, आपल्याच दारात घमेली भरभरून कचरा ओतला. बाकाचा एक पाय काढला तो मात्र ठरावकाकांनी स्वतः, बापाच्याच हत्यारांनी.

दुपारी म्हातारबुवा रोजच्यासारखे खाली आले आणि कलंडलेल्या बाकावर तोल सावरून बसले. फोटोवाला थांबला. ठरावकाका पुढे झाले.

"बाबा, उठा तिथून."

"का रे?"

"तुम्ही बसलात की जागा चांगली दिसते."

"मग बरंच आहे की!"

"अहो, चांगली दिसून कसं चालेल? अनुदान कोण देईल?"

म्हातारबुवा झाडाच्या बुंध्याला धरून उठले. जाताजाता त्यांनी विचारलं, "पाय परत लावशील ना?"

"लावतो हो. संध्याकाळच्या आत."

संध्याकाळी अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला: अधिकाऱ्यांची पाहणी होईपर्यंत जागेत कसलाही बदल करू नये. म्हणजे बाकाचा पाय गेला तो गेलाच. ठरावकाकांची बायको हातोडी घेऊन खाली निघाली, तर हे जिन्यात हात पसरून आडवे.

"पाहणी व्हायची आहे!"

"अहो, बाप आहे तो तुमचा. त्यांनी बसायचं कुठं?"

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. सगळ्यांसाठी करतोय मी हे."

बायकोनं कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी ती बाकाची कडी तेवढी उचकटून घरी घेऊन आली.

पाहणी काही होईना. साहेब रजेवर गेले, साहेब बदलले, नव्या साहेबांना फाइल सापडेना. इकडे एकदा उकिरडा दिसल्यावर लोकांना जोर आला. फाटक्या गाद्या, फुटलेली संडासाची भांडी, सगळं त्या झाडाखाली. म्हातारबुवा पहिले काही आठवडे दारापर्यंत येऊन नाकाला रुमाल लावून बघत. मग जिन्याच्या वळणावरूनच माघारी फिरू लागले. मग एक दिवस त्यांनी खिडकीशी खुर्ची ओढून घेतली आणि कडी मांडीवर ठेवून बसले. ठरावकाकांना हे दिसत नव्हतं असं नाही.  पण पाटी आठवली की ते दिसेनासं होई, असला हा चिवट माणूस.

वर्ष उलटून गेल्यावर पाहणी झाली. खालीही न उतरता साहेबांनी मोटारीतूनच जागा बघितली आणि 'दयनीय' असा शेरा मारला. गल्लीनं एकमेकांची पाठ थोपटली. मग जागा सुधारली, म्हणजे झाडाच्या बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंट आलं, अध्यक्षांच्या दुकानातल्या घसरड्या फरशा आल्या, उन्हात तव्यासारखा तापणारा लोखंडी बाक आला. भोवती कुंपण, फाटकाला कुलूप. नंतरचा फोटो निघेपर्यंत जागा खराब होऊ नये ना! पाटीही आली. तिच्यावर साहेब, अध्यक्ष आणि शेवटी 'इतर पदाधिकारी'. ठरावकाकांनी पाटी पुन्हापुन्हा वाचली. ते इतरांत होते.

उद्घाटनाला साहेब आले. कुलूप उघडलं. साहेब म्हणाले, "नंतरच्या फोटोत लाभार्थी हवा. एखादा ज्येष्ठ नागरिक बाकावर बसलेला. आहे का कुणी?"

ठरावकाका धावतच जिना चढले. "बाबा, चला! तुमचीच जागा आहे. साहेब थांबलेत!"

म्हातारबुवांनी खुर्चीचे हात धरले, जोर लावला. पाय थरथरले, गुडघ्यांत वाकले आणि ते परत खाली बसले. पुन्हा जोर लावला. पुन्हा बसले. सुनेनं तोंड फिरवलं. "राहू दे," म्हातारबुवा म्हणाले. "आता नाही उतरवत मला." डॉक्टरांचे शब्द ठरावकाकांना त्या क्षणी लख्ख आठवले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मान डोलावता आली नाही.

खालून हाका येऊ लागल्या. ठरावकाका एकटेच उतरले. साहेबांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं नि घड्याळाकडे पाहिलं. "अहो, तुम्हीच बसा की. चालेल." अध्यक्षांनी खांदे दाबून त्यांना बसवलं. बाक पोळत होता.

"आजोबा, जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

ठरावकाका हसले. खिडकीत बाप बसला होता आणि सगळं बघत होता.

लोक पांगले, फाटकाला पुन्हा कुलूप लागलं. ठरावकाका वर येऊन खुर्चीशेजारी उभे राहिले.  म्हातारबुवांची नजर खालीच होती, बोटं कडीवर.

"काय बाबा?" ठरावकाकांनी कसंबसं विचारलं. "कशी दिसते जागा?"

"माझ्या वेळी बरी दिसायची," म्हातारबुवा म्हणाले. "मी बसलो की."