दोनशे वाती बंदुकीत

ओसरी अर्धी सारवून झाली होती आणि अर्धी तशीच राहिली होती, तेवढ्यात मनकर्णाबाईंना वातींना ऊन दाखवायची आठवण झाली. त्रिपुरी पौर्णिमेचा दिवस. दिवेलागणीला महादेवापुढं लाखवात लावायची होती. उजवा हात कोपरापर्यंत शेणानं भरलेला, म्हणून त्यांनी तो वर धरला आणि डाव्या हातानं दुरडीचं झाकण काढलं.

वाती मोजून ठेवलेल्या होत्या. शंभराचा एक जुडगा, दहा जुडग्यांची एक पेंढी, आणि अशा शंभर पेंढ्या. वरच्याच पेंढीचा दोरा सुटलेला होता आणि तीत आठ जुडगे होते.

त्यांनी पुन्हा मोजले. तरी आठच. आधी उंदरावर संशय घेतला, मग मांजरीवर, मग शेजारच्या गिरजाबाईवर, आणि गिरजाबाईवर घेतल्याबद्दल लगेच स्वतःच्या गालात मारून घेतली, तीही शेणाच्याच हातानं. मग झाकण उलटं केलं तर त्यावर काळ्याकुट्ट अंगठ्याचा ठसा. हुंगून पाहिला. बंदुकीच्या दारूचा वास.

घरात बंदूक एकच होती आणि तिला हात लावणारा माणूसही एकच होता, इंद्रभान, त्यांचा नवरा. आणि तो घटकाभरापूर्वीच बंदूक खांद्यावर टाकून पाराकडं गेला होता.

मनकर्णाबाई जऊळक्याकडून अकराव्या वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. गाव इंझोरीच्या अलीकडचं, लहानसंच. देवाचं नाव घेतल्याशिवाय बाई पाण्याची घागरसुद्धा उचलत नसे. बाया म्हणत, मनकर्णीच्या भाकरीत मीठ कमी असंन, नाव कमी नसते. लाखवातीचा नेम त्यांनी दोन वर्षांमागं धरला. एक वात, एक शिवनाम. वऱ्हाडात कापसाला काय तोटा, गाड्यांच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडं जात होत्या, पण तो विकायचा कापूस. नेमाला देवकापूसच लागतो, आणि देवकापसाचं एकच झाड तुळशीमागं होतं. लाखाची शेवटची वात वळून झाली त्याच आठवड्यात गिरजाबाईच्या शेळीनं ते बुडापर्यंत खाल्लं. म्हणजे दोनशे वाती नव्यानं वळायच्या म्हटल्या तरी कापूस नव्हता. लाखाला दोनशे कमी म्हणजे लाख नव्हेच. दोन वर्षांचा नेम पाण्यात.

आता इंद्रभानची बाजूही सांगायला हवी. ज्वारी कणसावर आली की रानडुकरं शेतात शिरत, आणि त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवशी गाव शिकारीचा पहिला हाका काढी. गावात बंदुका तीन. पाटलांची आणि भाऊसिंगची टोपीच्या, इंद्रभानची आज्याच्या वेळची ठासणीची, चकमकीची. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसवलेली असे. चाप ओढला की घोडा पोलादावर आपटे, ठिणगी रंजकेवर, म्हणजे कानावरच्या चिमूटभर दारूवर पडे आणि नळीतली दारू पेटे. पेटली तर. गावाचा दंडक असा होता की त्रिपुरीला दिवस मावळायच्या आत प्रत्येकानं पारावर आपल्या बंदुकीचा बार काढून दाखवायचा. नुसती दारू आणि वरून कापसाचा बोळा, छर्रा नाही. घरून ठासून आणायची, पारावर रंजक टाकायची. बार निघाला तर उद्या बंदूक घेऊन दबा धरून बसायला जागा. नाही निघाला तर राकेलचा डबा बडवत डुकरं उठवणाऱ्या हाकेकऱ्यांत.

मागच्या साली इंद्रभानची दारू सर्दावलेली निघाली आणि त्याला सगळा हंगाम डबा बडवावा लागला. बडवता बडवता त्याला ठेका सापडला. तेव्हापासून लोक म्हणत, इंद्रभानचा डबा ऐकाले डुकरं थांबतात. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. म्हणून यंदा त्यानं दारू चार दिवस उन्हात वाळवली, आणि बोळ्याला घरातला सगळ्यात कोरडा, सगळ्यात मऊ कापूस शोधला. तो कुठं सापडला ते झाकणावरच्या अंगठ्यानं सांगितलंच. लाखातल्या दोनशेंनी काय होते, असं त्याच्या मनात आलं असेल. शिवाय देवाच्या वाती, बार निघालाच पाहिजे.

एवढं कळल्यावर कोणतीही बाई पाराकडं धावत गेली असती आणि नवऱ्याला चार शब्द सुनावले असते. मनकर्णाबाई मात्र देवघरासमोर मटकन बसल्या. कारण देवळीत, नंदादीपाच्या मागं, त्या बंदुकीची गारगोटी होती.

ती त्यांनी आषाढी एकादशीला काढली होती. आगकाडीच्या टोकाला काय माखतात कोण जाणे, देवाचा दिवा त्या विस्तवानं लावणं त्यांच्या मनाला पटेना. गारगोटीची ठिणगी निर्मळ. बंदूक वर्षभर खुंटीवर झोपलेली. तिला चार महिने दगड कशाला हवा? रिकामा जबडा दिसू नये म्हणून त्यांनी त्यात कातड्यासकट एक सुपारी बसवली आणि वरून पेच आवळला. पूजेतली सुपारी होती, गणपतीची. अपमान कोणाचाच नको. कार्तिकात परत बसवू म्हणून ठेवली ती राहूनच गेली. दसऱ्याला इंद्रभाननं बंदुकीची पूजा केली तेव्हा घोड्यावर इतकं हळदकुंकू थापलं की सुपारी त्याला दिसलीच नाही. त्याला तसंही हातभर अंतरावरचं नीट दिसत नसे. पण तो ते कोणापाशी कबूल करत नसे.

तर आता देवाच्या वाती बंदुकीत आणि बंदुकीची गारगोटी देवाजवळ. ठासलेली बंदूक उडवल्याशिवाय रिकामी होत नाही. पारावर उडाली तर वाती रानात जाणार. नाहीच उडाली तर नळीत कुजणार, आणि घरचा माणूस डबा बडवणार. मनकर्णाबाईंनी गारगोटी डाव्या मुठीत घेतली, डोक्यावरचा पदर दातात धरला आणि निघाल्या. उजवा हात धुवायचा राहिला.

पारावर दौलतराव पाटील पटका बांधून बसले होते. भाऊसिंगच्या बंदुकीचा बार निघून कावळे उडाले होते आणि परत येऊन बसलेही होते. इंद्रभाननं रंजक टाकली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

खट्ट.

सुपारीचे सरळ दोन तुकडे झाले. एक इंद्रभानच्या पायाशी पडला, दुसरा पाटलांच्या मांडीवर. पाटलांनी तो उचलला, हुंगला, दाढेखाली धरून पाहिला.

"चिकनी हाये," ते म्हणाले.

"काय चिकनी?" इंद्रभाननं डोळे उघडले.

"सुपारी, लेका. तुह्या बंदुकीतून सुपारी निंगाली. कातरलेली."

भाऊसिंग बंदुकीला टेकून म्हणाला, "काका, कात-चुना कोन्या खिशात ठिवता? माह्यं पान रंगलं नाई आज."

"म्या दसऱ्याले पूजा केली हिची," इंद्रभान म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं.

"म्हनूनच परसाद देऊन राह्यली तुले," पाटील म्हणाले आणि तुकडा चघळू लागले. "डबा कोठी हाये रे इंद्रभानचा? काढून ठिवा."

मनकर्णाबाई पोहोचल्या त्या याच वेळी. पाटलांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून त्या पारालगतच्या महादेवाच्या पायरीवर बसलेल्या लखमा गुरवाकडं वळल्या. पाटील तिथून तीन हातांवर होते.

"लखमाभाऊ, पाटलाले सांगा, दिवस अजून मावळला नाई."

"पाटील, बाई म्हनते दिवस मावळला नाई."

"ऐकलं मी," पाटील म्हणाले. "मंग?"

इंद्रभान जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तू कायले आली?"

"गारगोटी घिऊन आली."

"गारगोटी तं बंदुकीत..." तो थांबला. "सुपारी तुनं ठिवली?"

"रिकाम्या जागी काय ठिवू मंग?"

"माह्या बंदुकीत सुपारी?"

"तुमी माह्या लाखवातीतले जुडगे कायले काढले?"

यावर दोघंही खाली जमिनीकडं पाहू लागले. तिथं सुपारीचा दुसरा तुकडा पडला होता. मनकर्णाबाईंनी तो वाकून उचलला आणि कपाळाला लावला. तेव्हा पाटलांच्या ध्यानात आलं की आपण काय चघळतोय. त्यांनी चघळणं थांबवलं, पण थुंकायचं की गिळायचं हे त्यांना ठरवता येईना.

"लखमाभाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या, "यायले सांगा, गारगोटी भेटन. पन बार महादेवापुढं काढा लागन. माह्या वाती रानात नाई जायाच्या."

लखमा गुरवाला दिवसभराचा उपास होता आणि लाखवातीनंतरच फराळ मिळणार होता. तो चटकन म्हणाला, "होईन. वात देवापुढं जयली का झालं. समईत जयो का नळीत. मी आताच दिवा लावतो."

इंद्रभान गारगोटी बसवायला लागला. पेच आवळतो न आवळतो तोच बाईंनी गिरजाबाईच्या हातून घरची वातींची दुरडी आणि तुपाची वाटी मागवली.

"तूप कायले?"

"वात तुपात भिजवल्याबिगर लावत नाईत. नळीत चमचाभर वता."

इंद्रभाननं बंदूक तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरली. "दारू चार दिवस वाळवली म्या. चार दिवस."

"तं मंग माह्या वाती सुक्या जाळाच्या?"

"लखमा, बाप्पा, सांग हिले."

लखमानं देवाकडं पाहिलं, मावळत्या सूर्याकडं पाहिलं. "नळीले बाहेरून चोपडा," तो म्हणाला. "देवाले भाव कयते."

तूप बाहेरून चोपडलं. आठ जुडगे आणि बाकीच्या पेंढ्या देवापुढं परातीत रचून पेटवल्या. सूर्याची नुसती कडा उरली होती. इंद्रभाननं बंदूक आभाळाकडं केली. तुपानं ती हातातून निसटत होती, म्हणून भाऊसिंगनं मागून त्याची कोपरं धरली. चाप ओढला. ठिणगी, फुस्स, आणि मग असा बार निघाला की महादेवाची घंटा आपोआप किणकिणली.

धुराच्या लोटातून वाती खाली आल्या. काही जळून राख झालेल्या, काही लाल टोकाच्या, काही अगदी कोऱ्या. मनकर्णाबाई आणि चार बाया पदर खोचून वेचू लागल्या. कोरी दिसली की उचलायची, शिवनाम घ्यायचं, परातीत टाकायची. धुरात गेल्या त्या देवानं परस्पर घेतल्या असं लखमानं सांगितलं आणि ते बाईंना पटलं. पायऱ्या झाल्या, पार झाला, बेलाचा बुंधा झाला.

"पाटील," भाऊसिंग म्हणाला, "तुमचा पटका जयून राह्यला."

खरंच, पटक्याच्या वरच्या घडीत एक वात उभी रुतली होती आणि संथपणे जळत होती. पाटलांनी हात वर नेला. तेव्हा मनकर्णाबाई जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलल्या.

"हात नका लावू, पाटील. पुरी जयू द्या."

त्यांनी पटक्याला हात जोडले. ते पाहून गिरजाबाईनं जोडले, मग सगळ्या बायांनी. लखमाला जळती वात आणि जोडलेले हात दिसले की घंटा वाजवायची सवय होती, त्यानं वाजवली. दौलतराव पाटील समोर देव, भोवती गाव, डोक्यावर वात अशा स्थितीत मान ताठ धरून बसून राहिले. वात विझली तेव्हा त्यांनी पटका उतरवला आणि भोकातून इंद्रभानकडं पाहिलं.

"बार निंगाला," ते म्हणाले. "तुले उद्या बसाले भेटन. पन माह्यापासून तिसऱ्या शेताच्या धुऱ्यावर बस. अन् बोळा घरून आनू नको, मी देतो."

घरी येताना इंद्रभानचे पाय जमिनीला लागत नव्हते. दारात पोहोचल्यावर त्यानं बंदूक खुंटीला टांगली आणि ओसरीच्या सुकलेल्या अर्ध्या भागावर अंग चोरून बसला.

"लाख झाले?" त्यानं विचारलं.

"झाले," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या आता कुठं उजवा हात धूत होत्या.

"अन् गारगोटी? उद्या हाका हाये. तुह्या दिव्याचं काय?"

त्यांनी नंदादीपात तेल घातलं आणि वात थोडी पुढं सारली. रात्र निघेल इतकं होतं. गारगोटी बंदुकीतच राहू दिली. सकाळी ओसरीचा उरलेला भाग सारवून झाला की त्यांना नाल्यावर जाऊन दुसरी गारगोटी आणायची होती.