मागच्या खोल्यांचा वर्ग

शेवंताअक्का गेली. बसायला येणाऱ्या बाया म्हणतात, नर्स होती बिचारी, दुसऱ्याच्या मलमपट्ट्या करण्यात जन्म गेला. आता नर्स तर ती होतीच. पण बिचारी नव्हती, आणि मलमपट्टी हे काही तिचं खरं काम नव्हतं. अक्का शिकवायची. धुळ्याच्या दवाखान्यात नर्सिंगच्या पोरी होत्या, त्यांना अक्का शिकवायची की डोकं बिघडलेल्या माणसाजवळ बसायचं कसं. हसू नका. बसायचं कसं, हेच.

अक्का मूळची असोद्याची. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि सतरावं लागायच्या आत कपाळ मोकळं झालं. घरी आली ती खाली मान घालून. पण तिचा मोठा भाऊ पितांबर, त्यानं काय करावं? तिला परत शाळेत बसवलं. सातवी पास केली. आणि मंग एके दिवशी कापसाच्या गाडीवर बसवून जळगाव टेशनावर नेलं, पुण्याला नर्सिंग शिकायला. भावकी उठून बसली. रांडमुंड पोर, परक्या पुरुषांचे अंग पुसणार म्हणे. अक्काचा पाय गाडीवर चढेना. तेव्हा पितांबर बोलला, "लोकाईचं काय, केळीच्या पानावानी हाय. वारा आला का फडफडते. तू जाय." गेली.

नर्स झाली, आणि नोकरी लागली ती पुण्याकडच्या वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात. देश स्वतंत्र झाला तेव्हा ती तिथंच होती. पहिल्या वर्षी तिला वाटे, गोड गोड बोललं की माणूस बरं होतं. मंग दिवसभर बोलायची. कशी आहेस, जेवलीस का, रडू नको, देव बघतो. एक दिवस एका म्हातारीनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, बाई, दोन घटका गप बसता का. अक्का ओशाळली. गप बसली. आणि ती म्हातारी, जी वर्षभर तोंड फिरवून बसायची, ती हळूच तिच्याकडे वळून बसली. अक्का पुढं सांगायची, माझा खरा वर्ग त्या दिवशी भरला, आणि मास्तरीण होती ती म्हातारी.

धुळ्याला ती आली त्रेपन्न साली, पोरींना शिकवायला. पुस्तकात मनाच्या आजाराचा एक धडा होता. पोरी तो पाठ करायच्या, परीक्षेत लिहायच्या, विसरायच्या. आणि दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. कुणाचं डोकं फिरलं की मोठ्या इस्पितळात पाठवायचे कागद होईपर्यंत त्याला तिथं कोंडून ठेवायचे. किल्ली लोटनकडे. लोटन तिथला शिपाई, माणूस वाईट नव्हता, पण हातात काठी आणि खुंटीला दोर. एवढीच त्याला विद्या माहीत. पोरी त्या बाजूनं पाण्यालाही जायच्या नाहीत.

अक्का मोठ्या डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, माझ्या पोरी आठ दिवस त्या खोल्यांत बसतील. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, यांच्या बापांची पत्रं आत्ताच येऊन पडलीत, आमच्या पोरी येड्यांत बसवल्या तर लग्नं जुळायची नाहीत म्हणून. अक्का काही हलेना. दोन वर्षं ती त्यांच्या मागं लागली होती. शेवटी छप्पन सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिली, ती अटीवर. एका जरी पेशंटला इजा झाली, एक जरी पळाला, की वर्ग बंद, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. अक्कानं मान हलवली. तिचं सगळं त्या एका अटीवर टांगलेलं होतं, आणि हे तिच्या अकरा पोरींनाही माहीत होतं.

पहिल्या दिवशी पोरी वह्या घेऊन आल्या. अक्कानं वह्या बाहेर ठेवायला लावल्या आणि प्रत्येकीच्या पुढ्यात सुपात कापूस ठेवला. वाती वळायच्या. पेशंटच्या शेजारी, भिंतीला टेकून, हातभर अंतरानं. एक प्रश्न विचारायचा नाही. त्यानं विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, तेवढंच. हाताला काम असलं की डोळे माणसावर रोखले जात नाहीत, आणि डोळे रोखले नाहीत की त्याला भ्या वाटत नाही. असं अक्काचं म्हणणं.

धरणगावची एक कुंदा होती त्यांच्यात. मनानं गोड, पण तोंडाला टाळा नाही. ती म्हणाली, "सिस्टर, परीक्षेला किती वाती आणायच्या?"

"जेवढा वेळ तू गप बसलीस तेवढ्या," अक्का म्हणाली.

पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. कुंदाच्या वाट्याला आली भागाबाई.

भागाबाई साक्रीकडची, पंचविशीची असंल. पाळण्यातलं लेकरू गेलं, तेव्हापासून विहिरीकडे धावायची. सासरच्यांनी आणून टाकली आणि परत कोणी फिरकलं नाही. भाऊ होता धनसिंग नावाचा, त्याला दवाखान्यानं दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. चार महिने कागदांची वाट बघत पडलेली भागाबाई एक शब्द बोलली नव्हती. लोटन चमच्यानं पेज घालायचा, अर्धी तोंडात, अर्धी लुगड्यावर.

कुंदा पाच दिवस तिच्याजवळ वाती वळत बसली. गप बसायचं म्हणजे तिला उपास केल्यासारखं व्हायचं. सहाव्या दिवशी भागाबाईनं हात लांब केला, कुंदाच्या सुपातला चिमूटभर कापूस उचलला आणि वात वळली. अगदी सरळ. कुंदा धावत आली अक्काकडे, डोळ्यांत पाणी. अक्का म्हणाली, पळू नको, ती घाबरंल. पण त्या दिवशी अक्काही दुपारभर आपल्याशीच हसत होती, हे सगळ्यांनी पाहिलं.

इथवर ठीक चाललं होतं. मंग आली अक्षय्यतृतीया, आमची आखाजी.

आता खानदेशात आखाजी म्हणजे काय, हे सांगायला नको. सासरवाशिणीला माहेराहून मुराळी येतो, भाऊ नाहीतर भाचा, आणि घेऊन जातो. झोके, गौराई, आमरस, खापरावरचे मांडे. जिला मुराळी आला नाही, तिनं चार दिवस तोंड लपवून बसायचं. पोरींचं तर आठ दिवस आधीपासून तेच बोलणं, कोण कुठल्या मोटारीनं जाणार. भागाबाई ते ऐकायची आणि दाराकडे बघायची. कुंदाला बघवेना. आणि आपल्याकडे कुठलीही आईबाई उदास पोरीला जे म्हणते, तेच ती म्हणून गेली. येईल ना तुझा मुराळी आखाजीला, भाऊ आहे ना.

दुसऱ्या दिवशी भागाबाई उठून बसली. आपल्या हातानं जेवली. लोटनकडे तेल मागितलं, वेणी घातली. चार महिन्यांनी बोलली! डॉक्टर स्वतः बघायला आले, त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, शनिवारी दवाखाना चालवणाऱ्या संस्थेची मंडळी येताहेत, त्यांना ही बाई दाखवू. सिस्टर, वर्ग पक्का झाला समजा.

सगळ्या पोरी नाचायच्या तेवढ्या राहिल्या. कुंदा मात्र कोपऱ्यात. आणि अक्काला भागाबाईचं ते दारात बसणं काही बरं वाटेना. लुगड्याचं गाठोडं बांधून मांडीवर घेतलेलं, आणि दारातून हलायला तयार नाही. अक्का जवळ जाऊन बसली. बऱ्याच वेळानं भागाबाईच बोलली, "मना भाऊ येनार शे. माले लेवाले."

"भाऊ न्यायला येणार, हे कोणी सांगितलं?"

भागाबाईनं कुंदाकडे बोट केलं.

अक्कानं कुंदाला पडवीत नेलं. रागावली नाही, तेच कुंदाला जड गेलं. ती म्हणाली, "सिस्टर, तोंडातून निघून गेलं. आपल्यात म्हणतातच ना असं."

"घरात म्हणतात. घरात आई खोटं बोलली तरी रात्री कुशीत घेते. तू पाच वाजता होस्टेलला जातेस. ही दारातच बसलेली राहते."

पोरी जमा झाल्या. सगळ्या एकच म्हणायला लागल्या, सिस्टर, शनिवार जाऊ द्या. मंडळी बघून जातील, मंग सांगू. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. खरं सांगितलं आणि ती बिथरली, तर वर्ग गेला.

अक्का त्या दुपारी जेवली नाही. ती काही देवी नव्हती. तिलाही वाटलं असणार, दोन दिवस काय, एवढी वर्षं झगडले ते कशासाठी. पण संध्याकाळी ती पोरींना म्हणाली, आखाजीला दोनच दिवस उरलेत. जितकं उशिरा सांगू तितकं ती उंचावरून पडंल. आणि मी तुम्हाला शिकवायचं काय, की मंडळी येणार असली तर पेशंटला फसवायचं? उद्या सकाळी कुंदा सांगंल. मी शेजारी बसंन.

शुक्रवारी सकाळी कुंदा भागाबाईपुढं बसली.  तिनं आपल्या गावच्या बोलीतच सांगितलं, "भागाबाई, मी खोटं बोलनू. तुना भाऊना निरोप येल नही."

 भागाबाईनं जवळचा तांब्या उचलून भिरकावला. तो कुंदाला लागायचा, अक्का मध्ये आली, तिच्या भुवईवर बसला. रक्ताची धार लागली. भागाबाई भिंतीवर डोकं आपटायला धावली, तर मंदा नावाची पोर उशी घेऊन भिंत आणि डोकं यांच्या मध्ये घुसली. लोटन दोर घेऊन आला. अक्का एका हातानं कपाळ दाबून दारात आडवी उभी राहिली. "दोर बाहेर ठेव, लोटन," म्हणाली. एवढ्या थंडपणे की लोटननं दोर खरंच बाहेर ठेवला.

पोरींनी भागाबाईला धरून ठेवलं. मारत नव्हत्या, बांधत नव्हत्या, नुसतं धरलं. आणि भागाबाई रडली. लेकराचं नाव घेऊन रडली, चार महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांना दिसलं ते रक्त.

"वर्ग बंद," ते म्हणाले.

अक्का म्हणाली, अट पेशंटला इजा होण्याची होती, पेशंटला खरचटलंही नाही. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, वाद नको. अक्कानं वाद घातला नाही. शनिवारी मंडळी आली आणि मागच्या अंगाला न येताच गेली. पोरींना सुट्टी लागली. अक्का म्हणाली, जा गं, झोके घ्या, माझ्यासाठी तोंडं पाडून बसू नका.

आणि भागाबाई भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवण नाही, पाणी नाही.

आता काय झालं ते ऐका. दवाखान्यात रोज चार ते सहा भेटीची वेळ असायची. नातेवाईक डबे घेऊन यायचे. मागच्या खोल्यांना मात्र कधी कोणी यायचं नाही, लोटन त्या वेळी बाकावर डुलक्या काढायचा. आखाजीच्या दिवशी चार वाजता त्याच्यापुढं आठ पोरी उभ्या. गणवेश नाही, घरची लुगडी नेसलेल्या. पुढं कुंदा. गावी गेल्याच नव्हत्या. एकीच्या आईनं मोटारीवर मांडे आणि रसाचा डबा पाठवला होता, तो हातात.

लोटननं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, वर्ग बंद आहे, सांगितलं होतं ना.

"आम्ही वर्गाला नाही आलो," कुंदा म्हणाली. "भागाबाईच्या भेटीला आलो."

"नात्यात आहे का तुमच्या?"

"नाही. पण भेटीची वेळ सगळ्यांना आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी दारावरची भेटीच्या वेळेची पाटी वाचली. पाटीवर नात्याचं काही लिहिलेलं नव्हतं. सोडलं आत.

हे अक्कानं सांगितलेलं नव्हतं, बरं का. अक्का तेव्हा आपल्या खोलीत कपाळाला पट्टी लावून पडलेली. लोटन सांगायला गेला तेव्हा ती आली आणि खिडकीबाहेर उभी राहिली. तिथं डॉक्टर आधीच उभे. 

आत पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणी काही बोलत नव्हतं. कुंदासुद्धा. पाऊण तास गेला. मंग भागाबाईनं कूस वळवली आणि कुंदाला विचारलं, "तुले मायेर नही का वं?"

"शे."

"मंग जात कसं नही?"

"तुले खोटं बोलनू ना मी. कोन्ता तोंडे जाऊ?"

 "खोटी शे तू," भागाबाई म्हणाली, आणि मांड्याचं ताट स्वतःकडे ओढलं.

खिडकीबाहेर अक्कानं पदरानं डोळे पुसले. आयुष्यात तिला रडताना फार कमी लोकांनी पाहिलं असंल. डॉक्टर त्यांतले एक.

भागाबाई लगेच चांगली झाली असं काही नाही. पुढं दोन महिन्यांनी तिची एक मावशी येऊन तिला घेऊन गेली, कापूस वेचायला जायची म्हणे, मधूनमधून बिघडायचीही. पण विहिरीकडे गेली नाही. आणि त्या आठ पोरी खानदेशभर नर्सा झाल्या. त्यांच्या वॉर्डात दोराची खुंटी रिकामी असायची, हे ज्यानं पाहिलं त्याला माहीत आहे.

पण त्या आखाजीनंतरच्या सोमवारचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी अक्काला बोलावलं. टेबलावर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक होतं. त्यांनी त्यात आपल्या हातानं लिहिलं, मनाच्या आजाराची शुश्रूषा, मागच्या खोल्या, आठ दिवस, सिस्टर शेवंताबाई. आणि कागद तिच्याकडे सरकवला. अक्कानं कागद वाचला, पण उचलला नाही.

डॉक्टर म्हणाले, "आता काय राहिलं, सिस्टर?"

"आठ दिवसांत पोरी गप बसायला शिकतात," अक्का म्हणाली. "मंग बोलायला कधी शिकवू?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आठ दिवस खोडले आणि तिथं सहा आठवडे लिहिले.