ज्वारीच्या काट्यावर

पाटलानं मला ज्वारी तोलायच्या काट्यावर बसवलं, तेव्हा माझा बाप हसला.

आधी पाटील हसला. मग त्याचे गडी. मग बाप. तो पाटलाची जमीन बटईनं करायचा, पाटील हसला की त्याला हसावंच लागायचं. हे आज कळतं. त्या दिवशी मला फक्त त्याचे दात दिसले.

एका पारड्यात मी, दुसऱ्यात ज्वारीचं पोतं. पोतं वर गेलं. त्यावर एक पाटी ज्वारी ठेवली. मग दुसरी. सोळा वर्षांची पोर मी, लुगडं गुडघ्यात दाबून बसलेली. आई तोंडात पदर कोंबून उभी होती.

निजामाचं राज्य मरायला टेकलं होतं आणि मरता मरता चावत होतं. रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या. माळावर उभं राहिलं की कुठल्या तरी गावाच्या दिशेला धूर दिसायचा, आणि म्हातारी माणसं नुसत्या धुरावरून गावाचं नाव सांगायची. सरहद्द चार कोसांवर. तिकडं स्वातंत्र्य आलं होतं, इकडं आम्ही होतो. पाटलाच्या दोन गाड्या सोलापूरकडं तोंड करून उभ्या असायच्या. पळायची वेळ आली तर गाडीत कोण बसणार, हे ठरवायला सगळे खळ्यावर जमले होते. बाप एवढंच म्हणाला होता, "पोरीला दम लागतो, पाटील. तिला तेवढी गाडीत घ्या."

काटा सरळ झाल्यावर पाटील म्हणाला, "हिला घ्यायची म्हंजी दीड पोतं हितं टाकायचं. पोतं खाता येतं. हिचं काय करू?"

तेव्हा हसले सगळे.

आमच्या घरात दूधतूप वाहत होतं म्हणून मी जाड नव्हते. लहानपणी मोठा ताप आला, त्यातून उठले ती फुगतच गेले. गाव मला धान्याची कणगी म्हणायचं. सोयरीक जमेना म्हणून आईनं एकदा मला अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं. सुतळीनं कंबर मोजायची, जिथं टोक येईल तिथं गाठ मारायची, पुढची गाठ तिच्या आत पडली पाहिजे. श्रावणापर्यंत टिकलं. पंचमीला घरात पुरणाची दिंडं झाली आणि सगळं मुसळ केरात. सुतळी देवळीत पडून राहिली.

खळ्यावरून आले ती सरळ देवळीत हात घातला. कंबरेला सुतळी लावली. टोक जुन्या गाठीपर्यंत पोचेना. रडू आलं, पण नवी गाठ मारली. या वेळी नवऱ्यासाठी नाही. पायांसाठी.

सरहद्दीची पायवाट माळ चढून जात होती. पहिल्या दिवशी जिथं दम तुटून खाली बसले, तिथं एक दगड ठेवला. चुन्याचं बोट ओढलं त्याच्यावर. गावाच्या इतक्या जवळ की शेळ्या राखणारी पोरं खदखदली. दुसऱ्या दिवशी तिथपर्यंतही जाता आलं नाही. घाई झाली होती मला. खाणंच सोडलं होतं. घागर घेऊन येताना आडाजवळ पडले.

हात देऊन उठवलं खालानं. खाला म्हणजे आमच्या शेजारची पिंजारीण, एकटी, गुडघे गेलेली. साऱ्या गावाच्या गाद्या तिनं पिंजलेल्या. पाटील झोपायचा तीसुद्धा. तिनं माझ्या हातात भाकरी दिली आणि शिवीच घातली. "भूके पेट से कोई भागता क्या गे, मुई? खा. खा के चल."

तशी खाऊन चालू लागले. तो दगड उचलून थोडा वर ठेवायचा. कधी तिथंच राहायचा, कधी खालीही आणावा लागायचा. सुतळीवर गाठी आत आत सरकत गेल्या. धूरही सरकत होता. दगड माळाच्या माथ्याकडं निघाला होता आणि धूर आमच्याकडं. मला भीती वाटायची की तोच आधी पोचेल.

एक दिवस पाटलाचं बोलावणं आलं. खळ्यावर पुन्हा काटा टांगलेला. माणसं जमलेली.

"लई चालतीस म्हनं. चढ. किती उतरलीस बघू."

बाप कानाशी आला. "चढ बाई. दाव त्यांना. जागा दितील गाडीत."

खोटं कशाला सांगू? मलाही बघायचं होतं. एक पाटी उतरली असेल, कदाचित दोन्ही. सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मी एक पाय पारड्यात ठेवला. दोऱ्या करकरल्या. पाटलाचे ओठ हसायला तयार होतेच. कमी भरले असते तरी तो हसलाच असता, शाबास म्हणून. जनावराच्या पाठीवर थाप मारतात तसा.

मी पाय काढून घेतला.

"म्या ज्वारी न्हाय," म्हटलं.

"मग गाडीत जागा न्हाय."

"बापानं मागितली हुती. म्या न्हाय मागत."

बाप या वेळी हसला नाही. मान खाली घालून उभा राहिला. मला त्याचा राग आला आणि कीवही.

मग तो दिवस उजाडला. भर दुपारी शेजारच्या शिवारातून धूर उठला, इतका जवळ की जळक्या कडब्याचा वास आला. गाड्या जुंपल्या. पोती चढली, तांब्याची भांडी चढली, पाटलीणबाईंचा पलंगसुद्धा चढला. खाला आपल्या दारात बसून होती.

मी पाटलाला म्हटलं, "खाला?"

"तिला कशाचं भ्या? तिचीच मान्सं येत्यात की."

खालानं ते ऐकलं. मला हळूच म्हणाली, "उनके वास्ते मैं तुमारी. तुमारे वास्ते मैं उनकी. तू जा गे."

मी तिचा दंड धरला. "मला चाल म्हनलीस ना? आता तू चल."

गाड्या रस्त्यानं गेल्या, आईबाप त्यांच्यामागं पायी. खालाला घेऊन मी माळाची वाट धरली. जिथं पहिल्यांदा माझा दगड ठेवला होता, तिथंच खाला बसली. मी तिच्याजवळ बसले. गाव मागं पेटत होतं. तिची धाप ओसरल्यावर तिला उठवलं. पुढं पुन्हा बसली, पुन्हा उठवलं. शेवटी माझा दगड आला, तो ओलांडला. त्याच्यापुढं मी कधी गेलेच नव्हते.

सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत पोचलो, तेव्हा पाटील आधीच पोचला होता. धान्य वाटायचं काम त्याच्याकडं. हातात काटा.

"हिला कशाला आनलीस? हितं धान्य मोजकं हाय."

"माझ्यातलं देईन तिला."

"आन् तू काय खाशील, कणगे?"

आजूबाजूचे हसले. मी बापाकडं पाहिलं. तो रांगेत होता, त्याचीही पाळी यायची होती. त्याचे ओठ हसायला हलले.

कनवटीला आणलेली सुतळी मी तिथंच छावणीच्या चुलीत टाकली. पाय तयार झाले होते, तिचं काम संपलं होतं. माझं संपलेलं नाही. माणसाला काट्यावर चढवणारा हात दिसला की मी तो मनगटात धरणार. शेजारी उभा राहून माझा बाप हसला, तरी धरणार.