आक्काच्या लुगड्याची पट्टी

स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या दिवशी आमच्या घरात भांडण झालं, आणि ते मीच केलं. मी जन्माची तापट. त्या भांडणाचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

आमचे वडील, आप्पा, चावडीपुढं लावायचा झेंडा आणायला बेळगावात गेलते आणि हात हलवत परत आलते. बाजारात तिरंगी कापड औषधालासुद्धा उरलं नव्हतं. मग घरीच शिवायचं ठरलं. भगव्यासाठी आप्पांनी आपला फेटा फाडला. हिरव्यासाठी आईनं लग्नातल्या लुगड्याचा पदर कापला आणि कापताना चारदा नाक ओढलं. अडलं पांढऱ्यापाशी. आप्पांची धोतरं आमच्या मातीनं कायमची तांबूस झालेली.

तेवढ्यात माझी थोरली बहीण, आक्का, आतून आली. हातात पांढरंशुभ्र लुगडं, घडीही न मोडलेलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परतली, तेव्हापासून ती पांढरंच नेसायची. बारसं असो, हळदीकुंकू असो, कुणी सांगायच्या आधीच आत जाऊन बसायची. ते बघून माझा जीव तिळतिळ तुटायचा.

"अगं बाई!" आई म्हणाली. "शुभाचं काम हाय. त्यात हे कापड?"

आक्काचा चेहरा एवढाएवढासा झाला. लुगडं पोटाशी धरून ती मागं वळली. माझं टाळकंच सरकलं.

"मग मधली पट्टी नकोच! भोकाचा झेंडा लाव चावडीवर!"

आप्पा घरात फार बोलत नसत. तेव्हा मात्र म्हणाले, "पोरी, आण ते हिकडं."

आई चुलीकडं गेली. आक्कानं बसल्या बैठकीला झेंडा शिवला. शाळेच्या मास्तरांनी वाटी पालथी ठेवून निळीनं मधलं चक्र काढलं.

सकाळी पाऊस उघडला होता. सगळा गाव चावडीपुढं जमला. आमचं घर समोरच. आक्का म्हणाली, "तू जा गं. मी दारातनं बघते."

बायकांनी बांबूला झेंडा बांधला, टोकावर तांब्या पालथा घातला, कडुलिंबाचा डहाळा आणि झेंडूची माळ अडकवली. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"अवो, ही काय पाडव्याची गुढी हाय?"

ऐकतंय कोण! बांबूवर मानानं काही चढवायची आम्हाला तेवढीच रीत ठाऊक. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं झाली.

"झेंड्याला कुंकू लावत न्हाईत, बाई. डाग पडंल," मास्तर म्हणाले.

"मधी देवाचं चक्र हाय न्हवं?" आई म्हणाली. "त्येला कुंकवाबिगर कसं ठिवायचं?"

तिनं भगव्याला बोट लावलं नाही, स्वतःच्या हिरव्यालाही नाही. चक्राशेजारी, आक्काच्या लुगड्यावर, आधी हळद लावली, मग कुंकू. बोट तिथंच जरा थांबलं. मग तिनं वळून आमच्या दाराकडं बघितलं. डोळ्यांतनं घळाघळा पाणी. आदल्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नव्हते, पण तिथंच जाऊन तिचा हात धरला.

आक्का दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मग ती पायरी उतरली. अख्ख्या गावादेखत चालत आली. आईनं सरकून तिला आपल्याजवळ जागा दिली, आणि मगच आप्पांनी बांबू उभा केला.

संध्याकाळी झेंडा उतरवल्यावर मास्तरांनी तो आक्काच्या हातात दिला. "कुंकू तेवढं धुऊन द्या, आक्का."

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं झेंडा घडी करून परत केला. "लई घासलं, मास्तर. निघंना."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कान लालभडक झालते. झेंड्याला पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता.