अकरावा आणि बारावा शब्द

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. रविवार पेठेत तात्यारावांच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीलगत एक हातभर रुंदीचं टेबल आहे. तिथे बसून हिराबाई एका डब्यावर नाव घालत होत्या. विजेच्या पेनाची किरकिर चालू असताना त्या मान वर करत नाहीत. आधी हे काम त्यांचा नवरा करायचा. त्याचा हात कापायला लागला तेव्हा पेन त्यांनी घेतलं, त्याला एकोणतीस वर्षं झाली. नवरा जाऊनही अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांच्या हातचं भांडं चुकलं म्हणून परत आलेलं नाही. तात्याराव ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगतात आणि मग दर सांगतात.

डबा संपवून त्यांनी मान वर केली तर समोर इंद्रजीत उभा होता. त्यांच्या धाकट्या जावेचा, हेमाचा मुलगा. आयटीत आहे, बाणेरला राहतो. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून अर्धा तास फिरलो, असं त्यानं सांगितलं. गाडी नवी आहे हे हिराबाईंना माहीत होतं. हेमानं फोन करून सांगितलं होतं, शिवाय तुमच्या धायरीच्या बोळात ती वळणार नाही, हेही सांगितलं होतं.

त्यानं बॅगेतून तळहाताएवढी स्टीलची पट्टी काढली आणि एक घडी घातलेला कागद. कागदावर एक ते चोवीस आकडे आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी शब्द. हे काय, ते त्यानं समजेल असं सांगितलं. त्याच्याकडे बिटकॉइन आहेत. त्यांची किल्ली एका छोट्या यंत्रात असते, पेनड्राइव्हसारखं दिसतं. ते हरवलं किंवा बिघडलं तर नव्या यंत्रात हे चोवीस शब्द ओळीनं भरायचे, की सगळं परत मिळतं. कागद जळतो, भिजतो, म्हणून स्टीलवर. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरेत. मात्र क्रम चुकला की हातात काही उरत नाही.

"लेझरवाल्याकडे का नाही दिलंस?"

"त्याच्या कंप्युटरमध्ये फाइल राहते, काकू. तुझ्याकडे काही राहत नाही."

तो हे कौतुकानं म्हणाला. हिराबाईंनी चष्मा पुसला. शब्द अर्धवट सोडायचं त्यांच्या जिवावर आलं, पण गिऱ्हाईक सांगेल ते. त्यांनी पट्टी टेबलावर चिकटवली.

पहिल्या काही ओळी होईपर्यंत इंद्रजीत उभा होता. मग सहज म्हणाला, "अभ्यानं तेव्हा ऐकलं असतं तर आज त्याचीही एक पट्टी असती."

अभ्या म्हणजे हिराबाईंचा अभिनव. खडकीच्या कारखान्यात कंत्राटावर आहे. आठ वर्षांपूर्वी दोघा भावांनी मिळून बिटकॉइन घ्यायचं ठरवलं होतं. अभिनवनं पैसेही साठवले होते. हिराबाईंनी त्याला जुगार म्हटलं आणि त्या पैशांत जुनी स्कूटर घ्यायला लावली. स्कूटर अजून आहे. पावसाळ्यात किका मारून मारून पोरगं घामाघूम होतं.

"तेव्हा मीच नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"माहितीय."

एवढंच म्हणून तो चहा आणायला गेला. कागद टेबलावरच राहिला.

म्हणजे त्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. बाणेरच्या अकराव्या मजल्यावर, जेवताना, काकूनं कसं अडवलं याची गोष्ट निघत असणार, आणि हेमा वाढता वाढता 'वहिनींचा स्वभावच तसा' म्हणत असणार. हिराबाईंनी पेन चालू केलं. इंद्रजीतचं आपल्याला मिळावं असं त्यांना वाटत नव्हतं. ते शब्द पाठ करावेत, टिपून घ्यावेत, असलं काही मनातही आलं नाही. त्याच्याकडे नसावं, एवढंच वाटत होतं.

दहा शब्द झाले होते. अकराव्या आकड्यापुढे त्यांनी बारावा शब्द घातला. बाराव्यापुढे अकरावा. हात घसरला नव्हता, नजर चुकली नव्हती. पुढचे बारा शब्द त्यांनी इतके सुबक काढले की एवढे लग्नाच्या ताटावरही कधी काढले नव्हते. पट्टी कपाटात जाईल, त्यांनी हिशेब केला. यंत्र बिघडायला दहा वर्षं लागतील. तोवर कोण कुठे.

इंद्रजीत चहा घेऊन आला, पट्टी हातात घेऊन खूश झाला, आणि खिशातून ते यंत्र काढून पायरीवर बसला.

"आता काय करतोस?"

"पट्टीवरून शब्द भरून बघायचे. जुळले तर पट्टी खरी. त्याशिवाय ठेवायची नसते."

चहावर साय धरली. हिराबाईंनी पुढचं ताट ओढलं आणि त्यावर कुणा कुलकर्ण्यांचं नाव घालायला घेतलं. यंत्राला दोनच बारीक बटणं होती, वीस मिनिटं लागली. 'कुलकर्णी' त्यांनी तेवढ्या वेळात एकदाच लिहिलं.

"काकू, जुळत नाहीये." त्यानं कागद उघडून पट्टीशेजारी धरला. बोट वरून खाली आलं आणि थांबलं. "अकरा आणि बारा उलटे झालेत."

"चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक."

गल्ल्यावरून तात्याराव म्हणाले, "हिराबाईंची चूक? पेपरात द्या."

इंद्रजीत हसला नाही. त्यानं बाकीच्या बावीस ओळी पाहिल्या. एकही अक्षर ओळीबाहेर नव्हतं. मग त्यानं हिराबाईंकडे पाहिलं, आणि हिराबाईंनी ताटाकडे.

"होतं असं," तो म्हणाला.

त्याच्याकडे दुसरी पट्टी होती. ती त्यानं दिली. या वेळी मात्र तो चहाला गेला नाही. गिऱ्हाइकांसाठीचं स्टूल ओढून टेबलाला गुडघे टेकतील इतका जवळ बसला, कागद स्वतःच्या हातात धरला, आणि प्रत्येक अक्षर पेनाखालून बाहेर येईपर्यंत बघत राहिला. हिराबाईंच्या समोर असं बसून आजवर कुणी काम करून घेतलं नव्हतं. चोवीस शब्द झाले. त्यानं पुन्हा भरून पाहिले. जुळले. पहिली पट्टी हिराबाईंनी पेनानं गिरगटून टाकली, अक्षर लागेना इतकी. तीही त्यानं मागून घेतली.

निघताना तो नेहमीसारखा पाया पडायला वाकला. पण आधी दोन्ही पट्ट्या आणि कागद बॅगेत गेले होते आणि बॅग खांद्याला होती.

पाच वाजता हेमाचा फोन आला. आता सकाळचा विषय निघणार, म्हणून हिराबाईंनी बराच वेळ वाजू दिला.

"वहिनी, इंद्रजीत म्हणत होता, काम फार सुंदर झालंय. काकूच्या हाताला तोड नाही म्हणे."

म्हणजे त्यानं सांगितलं नव्हतं, आणि बहुधा सांगणारही नव्हता. हिराबाई "हो का" म्हणाल्या आणि फोन ठेवला. गाडी त्याच्याकडे, घर त्याच्याकडे, ते चोवीस शब्द त्याच्याकडे. आता पोटात घालण्याचा मोठेपणाही त्याच्याचकडे गेला, आणि तो तर त्यानं फुकटात मिळवला. सकाळपेक्षा त्यांचा अधिक जळफळाट झाला.

त्यांनी पेनाची पिन काढून पुसली आणि स्टूल होतं तिथे, दुकानाच्या आत, सरकवून ठेवलं.

उद्या बुधवार. दुकान साडेदहाला उघडतं. एका मुंजीच्या सत्तर वाट्या आहेत, सगळ्यांवर एकच नाव आणि एकच तारीख.