साडूभाऊंचं लोणी

साऱ्या धाराशिव जिल्ह्यात लोणी कळलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. येरमाळ्याला त्यांची शेती आहे, गोठ्यात म्हशी आहेत आणि स्वयंपाकघरात माणूस उभा मावेल असा फ्रीज आहे. त्यात कोथिंबिरीपासून देवाच्या हारापर्यंत सगळं असतं, लोणी तेवढं नसतं. "फ्रीजमधलं लोणी म्हंजे दगुड. भाकरीवर ठिवलं तर भाकरीच मोडती," असं त्यांचं म्हणणं. म्हणून भर उन्हाळ्यातसुद्धा त्यांचं लोणी मातीच्या बुटकुल्यात, पाण्यात बुडवून, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ओल्या वाळूवर बसलेलं असतं. सकाळ-संध्याकाळ पाणी ते स्वतः बदलतात. बदलताना बुटकुलं नाकाशी धरून डोळे मिटतात, आणि जराशी शंका आली की लोणी तडक चुलीवर. एकदा त्यांच्या व्याह्यांनी भाजीतला चमचा तसाच बुटकुल्यात घातला. साडूभाऊ उठले, सगळं लोणी कढवलं आणि व्याह्यांच्याच पानात ते तूप हसत वाढलं.

गेल्या उन्हाळ्यात ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची बहीण, तापानं आजारी पडल्या. आम्ही धाराशिवला राहतो, म्हणून त्यांना इथल्याच दवाखान्यात ठेवलं. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेजेची वाटीसुद्धा तशीच परत जायची. त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या. डॉक्टर म्हणाले, काय खातील ते द्या, पण पोटात जाऊ द्या. तेव्हा ताईंनी हळूच लोणी-भाकरी मागितली.

साडूभाऊ घरी गेले आणि बुटकुलं ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून दुपारच्या एसटीत बसले. बस वाटेत बंद पडली. रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. प्यायला घेतलेलं पाणी त्यांनी घोटभरही न पिता फडक्यावर ओतलं. दवाखान्यात पोचले तेव्हा ओठ पार सुकलेले. ताई उशीला टेकून वाट बघत होत्या. मी भाकरीचा डबा उघडला. साडूभाऊंनी बुटकुलं नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"न्हाय," ते म्हणाले. "हे तुला द्यायचं न्हाय."

मला तर कसलाच वास येत नव्हता. ताई म्हणाल्या, जरा आंबूस असलं तर काय बिघडतंय, एवढ्या उन्हातनं आणलंय.

"तुझ्या पोटात आता जोर न्हाय. उद्या आणतो."

एवढं बोलून ते आल्या पावली परत गेले. सकाळी उन्हं तापायच्या आत पहिल्या गाडीनं ताजं लोणी घेऊन हजर. ताईंनी भाकरीचा तुकडा लोण्याला लावून तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग आपणहून दुसरा तुकडा मोडला. साडूभाऊ खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

ताई आता बऱ्या आहेत. पण जेवताना त्यांचा हात जरा थांबला, की साडूभाऊ बोलता बोलता गप्प होतात, आणि ताईंनी पुढचा घास घेतल्यावरच आपल्या पानाकडं बघतात.